चर्चमधनं दुखावून गेलेलं आपलं पोरगं: घरच्यांनी कसं वागायचं

पहिली गोष्ट. तुमच्या घरातलं पोरगं गे आहे, चर्चमध्ये त्याला वाईट अनुभव आला आणि त्यानं यायचं बंद केलं, तर "रविवारी ये की रे" हे वाक्य निदान वर्षभर तोंडातनं काढू नका. नाताळला नाही, ईस्टरला नाही, आजीच्या स्मरणाच्या उपासनेलाही नाही. मी हे वाक्य दोन वर्षं म्हणत होते, प्रेमानंच म्हणत होते, आणि दरवेळी तो आणखी थोडा लांब जात होता हे मला कळतच नव्हतं.

मी कोल्हापूरची, कसबा बावड्यात राहते, पंधरा वर्षं संडे स्कूल शिकवलंय. ज्याच्याबद्दल लिहितेय तो माझा भाचा, दादाचा मुलगा. त्याला वाचून दाखवलंय, त्यानं दोन ठिकाणी खोडायला लावलं ते खोडलंय, आणि मगच टाकतेय. तुम्ही पण आपल्या पोराची गोष्ट कुणाला सांगायच्या आधी त्याला विचारा. प्रार्थनेच्या वॉट्सअप ग्रुपवर "आमच्या मुलासाठी विशेष विनंती" म्हणून टाकणं हे पण सांगणंच असतं, आणि आपल्याकडं ते संध्याकाळपर्यंत मिरजेला पोचतं.

आता आत नेमकं काय मोडतं ते आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं वरवरचं होईल. तो सतरा वर्षांचा असताना यूथ कॅम्पमध्ये कुणीतरी त्याच्या मोबाईलमधले मेसेज वाचले. चार दिवसांनी पाच जण घरी आले. हॉलमध्ये मधोमध लाकडी खुर्ची ठेवली, त्याला बसवलं, कपाळाला तेल लावलं, आणि चौघांनी डोक्यावर खांद्यावर हात ठेवून मोठमोठ्यानं प्रार्थना सुरू केली, "बाहेर नीघ, सोड याला" असं, तासभर. वहिनी चहा ठेवते म्हणून आत गेली ती बाहेर आलीच नाही. मी दारात उभी होते. मी काही बोलले नाही. त्याचं लक्ष खाली फरशीकडं होतं आणि मानेवरचा एक हात जेव्हा जेव्हा दाबायचा तेव्हा त्याची मान नुसती खाली जायची, एवढं मला दिसत होतं.

नंतर कधीतरी, म्हणजे पाच वर्षांनी, रंकाळ्यावर बसलो होतो तेव्हा तो म्हणाला, "आत्ती, त्यातल्या एका अंकलनीच मला लहानपणी 'परमेश्वर माझा मेंढपाळ' पाठ करून घेतलं होतं. आता ते स्तोत्र नुसतं आठवलं तरी त्यांचा आवाज येतो. हात पण येतो."

हे नीट वाचा. आपण म्हणतो माणसं चुकली, देव कुठं चुकला, येशूनं काय केलंय तुझं. आपल्याला ते वेगळं करता येतं कारण आपल्या मानेवर तो हात नव्हता. त्याला देव ज्या आवाजांनी शिकवला त्याच आवाजांनी त्याला घाणेरडा म्हटलं, मग त्याच्या डोक्यात देवाला दुसरा आवाज आणायचा कुठनं? ख्रिस्ती धर्म म्हणजे काय हे त्यानं पुस्तकातनं नाही ठरवलं, त्या एका तासावरनं ठरवलं, आणि नंतर जे काही ऐकलं ते त्याच्यावर चढत गेलं. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं कलम ३७७ मधनं दोन सज्ञान माणसांचं संमतीचं नातं गुन्ह्यातनं काढलं, तेव्हा तो पुण्यात होस्टेलला होता, आणि बातम्या वाचताना त्याला काय दिसलं तर कोर्टात विरोधात उभं राहणाऱ्यांत अपोस्टोलिक अलायन्स ऑफ चर्चेस आणि उत्कल ख्रिश्चन कौन्सिल या ख्रिस्ती संघटना. देशभर पोरं रस्त्यावर नाचत होती आणि याच्या डोक्यात एवढंच की आपलेच लोक तिथं पण आलेत आपल्याला धरायला.

आणि आपल्याकडं चर्च सोडणं म्हणजे नुसता रविवार सोडणं नसतं. १८५२ ला रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले तिथपासनं मिशनच्या शाळा, दवाखाने, होस्टेलं, यातनंच आपल्यातली कितीतरी घरं उभी राहिली. ज्यांना गावात पाणवठ्यावर उभं करत नव्हते त्यांना चर्चमध्ये बाकावर शेजारी बसायला मिळालं, माझ्या आजीला ते सांगताना रडू यायचं. लग्न जमवणं, नोकरीची ओळख, मयतीला खांदा, सगळं मंडळीतच, म्हणजे चर्चच्या लोकांतच. मग अशा बाकावरनं पोराला उठवलं की तो जाणार कुठं? आम्हाला बाहेरच्यांनी आत घेतलं नाही म्हणून आम्ही इथं आलो, आणि इथनं आमच्याच पोराला बाहेर केलं, हे मला अजून गिळवत नाही.

म्हणून आता काय करायचं ते.

ऐकायचं. सगळे म्हणतात ऐका, पण कसं ते कुणी सांगत नाही, तर बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय काढा. त्याचे तीन मित्र आले, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत कारण त्याचं दुःख लई मोठं होतं. तिथपर्यंत ते बरोबर होते. बिघडलं ते तोंड उघडल्यावर, आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावला, ईयोबावर नाही. तर तुम्ही पण बसा. घरात हॉलमध्ये नको, जिथं ते घडलं तिथं तर नकोच. आम्ही रंकाळ्यावर जायचो, गाडीवर मागं बसून गेलं तरी चालतं, तोंडासमोर तोंड नसलं की पोरं जास्त बोलतात. तो बोलायला लागला की मध्ये "पण त्यांचा हेतू चांगला होता" असं अजिबात घालायचं नाही. हेतू चांगला होता हे त्याला माहितीय, म्हणून तर जास्त लागलंय.

काही वाक्यं आहेत जी आपल्याला प्रेमळ वाटतात आणि त्याला चटका देतात. "पापाचा द्वेष, पाप्यावर प्रेम", हे बंद. "सगळी चर्च तशी नसतात", खरं आहे, पण त्याला मिळालं ते तसंच होतं. "लग्न केलं की होईल नीट", हे तर बोलूच नका, त्यात एका परक्या मुलीचं आयुष्य पण जाणार आहे आणि त्याचं पाप कुणाच्या डोक्यावर? आणि "मी तुझ्यासाठी प्रार्थना करते". हे सोडायला मला सगळ्यात जड गेलं. पण प्रार्थना या शब्दाला त्याच्यासाठी खोबरेल तेलाचा वास आहे. प्रार्थना करा की, खोलीत जाऊन दार लावून करा, मत्तयच्या सहाव्या अध्यायात तशीच सांगितलीय. त्याला सांगायची गरज नाही.

मग माफी. माफी मोघम मागू नका. "काही चुकलं असेल तर माफ कर" ही माफी नाही, त्याला फक्त "असू दे" म्हणायला लागतं. मी म्हटलं, त्या दिवशी मी दारात उभी होते, तुझी मान खाली जाताना मला दिसत होती, मी मोठी होते आणि मी थांबवलं नाही. तो काही बोलला नाही. कणसाची साल उगाच सोलत बसला. चार दिवसांनी त्यानं स्वतःहून फोन केला आणि दुसरंच काहीतरी बोलला, गाडीच्या सर्व्हिसिंगबद्दल, पण फोन केला. वहिनीला मी सांगितलं तर ती म्हणाली, "मला नाही जमायचं, मी लई घाबरलो होतो गं त्या दिवशी." मी म्हटलं हेच सांग त्याला. तिनं सांगितलं. तुमच्याकडनं पण लगेच माफ करेल अशी अपेक्षा ठेवू नका, "क्षमा करायला शिकवलंय ना आपल्याला" हे तर त्याच्यावरच पुन्हा ओझं.

बायबलच्या वचनांवरनं वाद घालायचा नाही, पण तयारी हवी, कारण कधीतरी तोच विचारतो. लेवीय १८ आणि २०, रोमकरांस १, पहिलं करिंथ ६, पहिलं तीमथ्य १ आणि सदोमची गोष्ट, समलैंगिकतेच्या विरोधात फिरून फिरून हीच ठिकाणं काढतात. गे पोरांना ती तुमच्यापेक्षा जास्त पाठ असतात, रात्री रात्री वाचलेली असतात. त्याला न सांगितलेलं मात्र बरंच असतं. यहेज्केल १६:४९ मध्ये सदोमचा अपराध सांगितलाय तो गर्व, पोटभर अन्न आणि गरिबाला हात न देणं. चारी शुभवर्तमानांत येशूचा समलैंगिकतेवर एकही शब्द नाही. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये कूश देशाचा एक षंढ आहे, ज्याला नियमशास्त्राप्रमाणं मंडळीत जागा नव्हती, तो विचारतो मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत, आणि फिलिप्प रथातनं उतरून सरळ पाण्यात जातो. मी अभ्यासक नाही, या वचनांवर जगभरातल्या चर्चमध्ये एकमत नाही आणि तुमचं मत माझ्यापेक्षा वेगळं असेल. असू दे. पण तुमचं मत बदलेपर्यंत पोरगं थांबणार नाही, त्याला आजच जेवायला वाढायचंय.

"बदलता येतं" म्हणणारे कुणीतरी येतीलच, एखादं उपवास प्रार्थनेचं केंद्र सुचवतील, एखादा डॉक्टर. तिथं ठाम नाही म्हणा. अमेरिकेत एक्झोडस इंटरनॅशनल म्हणून याच कामाची सगळ्यात मोठी ख्रिस्ती संस्था होती, ती २०१३ ला बंद झाली आणि तिच्या अध्यक्षांनी, अ‍ॅलन चेंबर्स यांनी, लोकांची माफी मागितली. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतनं काढलीय. आपल्याकडं मद्रास हायकोर्टानं २०२१ ला अशा उपचारांवर बंदी आणायला सांगितलं आणि पुढच्या वर्षी डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशननं हे डॉक्टरकीतलं गैरवर्तन ठरवलं. म्हणजे "ट्रीटमेंट करतो" म्हणणारा डॉक्टर स्वतः चुकतोय, हे तोंडावर सांगता येतं तुम्हाला.

घरच्यांनी तरी धरून ठेवायला हवं ते का, हेही सांगते. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅटलिन रायन यांच्या २००९ च्या अभ्यासात, ज्या समलैंगिक तरुणांना घरातनं खूप झिडकारलं गेलं त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केलेल्यांचं प्रमाण, न झिडकारलेल्या किंवा कमी झिडकारलेल्यांपेक्षा आठपटीहून जास्त निघालं. तुमचं पोरगं गप्प गप्प झालं असेल, झोपत नसेल, वस्तू वाटून टाकत असेल तर थांबू नका, १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारचा टेलिमानस मदत नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि थेट विचारा त्याला, मरावंसं वाटतं का. विचारल्यानं डोक्यात येत नाही, असेल ते बाहेर येतं.

पाळकांशी बोलायचं का? पोराची परवानगी असेल तरच, आणि एकटं जाऊन, कमिटीसमोर नाही. मी गेले होते. एवढंच मागितलं की वेदीवरनं या विषयावर बोलताना बाकावर असं कुणीतरी बसलंय हे धरून बोला, आणि कुणाच्याही पोरावर त्याच्या मर्जीशिवाय हात ठेवायचा नाही. पहिल्या मागणीवर ते गप्प राहिले, दुसरी मान्य केली. माझ्या दृष्टीनं दुसरीच मोठी होती.

तो परत येईल का हे सगळे मला विचारतात. अमेरिकेत अँड्र्यू मारिन यांनी २०१६ ला मोठा सर्व्हे छापला होता, त्यात ८६ टक्के एलजीबीटी लोक धार्मिक वातावरणात वाढलेले निघाले, ५४ टक्क्यांनी अठरानंतर ते सोडलेलं, आणि तरी ७६ टक्के परत यायला मनानं तयार होते. मागत काय होते तर प्रेम, वेळ, आणि आम्हाला बदलायला बघू नका. हे अमेरिकेचं आहे, बावड्याचं नाही, पण मला त्यानं धीर आला. तरीही सांगते, परत यावा म्हणून चांगलं वागत असाल तर त्याला दोन दिवसांत कळतं. तो कधीच आला नाही, ख्रिस्ती म्हणवून घ्यायचंच त्यानं सोडलं, तरी वागणं हेच राहणार, असं आधी स्वतःच्या मनाशी ठरवा आणि मग त्याच्याशी बोला.

नाताळचं मात्र आधीच ठरवून ठेवा. आमच्याकडं कॅरलवाले रात्री घरोघरी येतात, ढोलकी, कीबोर्ड, पोराटोरांच्या टोप्या, आणि हा स्वतः आठ वर्षं त्यात कीबोर्ड वाजवत होता. ते सगळं झाल्यानंतरच्या पहिल्या नाताळात गल्लीच्या तोंडाशी ढोलकी ऐकू आल्याबरोबर त्यानं हॉलचा लाइट बंद केला आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून अंधारात बसला. बाहेर ते गात होते, हाका मारत होते, करंज्यांचं ताट टेबलावर तसंच. ते गेल्यावर पण तो बराच वेळ उठला नाही, आणि बोटं मात्र ओट्यावर तीच चाल वाजवत होती. तेव्हापासनं आम्ही आठवडाभर आधी विचारतो, दार उघडायचं का यंदा, आणि तो सांगेल तसं करतो. तीन वर्षं नको म्हणाला, आम्ही कॅरलवाल्यांना आधीच कळवायचो की घरी नाही. गेल्या वर्षी म्हणाला, लाइट चालू राहू दे, दार पण उघडा, मी आत बसतो, मला कुणी हाक मारू नका. कुणी मारली नाही.