रजिस्ट्रीतल्या इमेज रोज तपासणारा ट्रिव्ही कंटेनर: उभारणी आणि अडथळे

नोव्हेंबर २०२१ मध्ये बांधलेल्या जावा इमेजमध्ये (कंटेनर ज्यातून उठतो त्या गठ्ठ्यात) लॉगफोरजे-कोर २.१४.१ ही लॉग लिहिणारी लायब्ररी असेल, तर त्या महिन्यात तिच्यातल्या लॉगफोरशेल या त्रुटीबद्दल कुठलाही स्कॅनर गप्पच राहिला असता. डिसेंबरात ती सीव्हीई-२०२१-४४२२८ या क्रमांकानं (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटींची यादी) जाहीर झाली आणि तीच इमेज, त्याच डायजेस्टसकट (आशयावरून निघणाऱ्या ठशासकट), क्रिटिकल ठरली. इमेजचा एक बाइटही बदलला नव्हता. म्हणून इमेज रजिस्ट्रीत, म्हणजे इमेजच्या कोठारात, पुश होताना एकदा तपासलं की काम संपलं, हा हिशेब चुकतो. रजिस्ट्रीशेजारी स्कॅनर कायम चालू हवा, त्याचा त्रुटींचा डेटाबेस ताजा हवा आणि जुन्या इमेज त्याच्यापुढून पुन्हापुन्हा जायला हव्यात.

इथं अ‍ॅक्वा सिक्युरिटीचा ओपन सोर्स स्कॅनर ट्रिव्ही आणि साधी डॉकर रजिस्ट्री धरली आहे. हार्बर ही जास्त सोयींची रजिस्ट्री वापरत असाल तर ही खटपट बरीच वाचते: आवृत्ती २.० पासून ट्रिव्ही हाच त्याचा ठरलेला स्कॅनर आहे. इन्स्टॉल करताना ‘--विथ-ट्रिव्ही’ द्यायचं आणि प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये पुशनंतर आपोआप स्कॅनचा पर्याय सुरू करायचा. खालच्या अडचणी मात्र तिथंही भेटतात. आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या नेहमीच्या रोमन अक्षरांत टाका.

आधी सर्व्हर

रोज शेकडो इमेज तपासायच्या असतील तर दर वेळी सुटा कंटेनर उठवून त्याला डेटाबेस उतरवायला लावणं वेडेपणाचं आहे. वेळ जातो, आणि डेटाबेस देणारी रजिस्ट्री थोड्याच वेळात ‘टू मेनी रिक्वेस्ट्स’ म्हणून दार लावते. सगळ्या कंटेनरांना एकच कॅश व्हॉल्यूम जोडावा, हा मोहही टाळा. ट्रिव्हीची कॅश बोल्टडीबी या छोट्या डेटाबेसच्या फाइलमध्ये असते. एका प्रक्रियेनं ती उघडली की दुसरी कुलूप सुटायची वाट पाहत बसते आणि टाइमआउट होऊन पडते. ‘कॅश मे बी इन यूज बाय अनदर प्रोसेस’ असा संदेश दिसला तर कारण हेच. एक सर्व्हर आणि त्याला विचारणारे अनेक क्लायंट, ही मांडणी दोन्ही प्रश्न सोडवते.

डॉकर नेटवर्क क्रिएट स्कॅननेट

डॉकर रन -डी --नेम ट्रिव्ही-सर्व्हर --नेटवर्क स्कॅननेट --रीस्टार्ट अनलेस-स्टॉप्ड -व्ही ट्रिव्ही-कॅश:/रूट/.कॅश अ‍ॅक्वासेक/ट्रिव्ही:<आवृत्ती> सर्व्हर --लिसन ०.०.०.०:४९५४

‘--लिसन’ विसरलात तर सर्व्हर फक्त स्वतःच्या लोकलहोस्टवर ऐकतो. लॉगमध्ये सगळं ठीक दिसतं, पण दुसऱ्या कंटेनरातून जोडणी होत नाही. ‘लेटेस्ट’ टॅग वापरू नका. नेमकी आवृत्ती द्या, त्याहून बरं म्हणजे डायजेस्टच द्या. स्कॅनरच्या हाती रजिस्ट्रीची किल्ली असते, तेव्हा त्याचीच इमेज न कळत बदलणं परवडत नाही. पोर्ट ४९५४ होस्टवर उघडायची गरज नाही. उघडावाच लागला तर दोन्ही बाजूंना ‘--टोकन’ लावा.

पहिल्यांदा उठताना सर्व्हर आधी डेटाबेस उतरवतो आणि मगच पोर्टवर ऐकू लागतो. त्यामुळे डॉकर कंपोजमध्ये सर्व्हर आणि क्लायंट दोघांना एकत्र उठवलं की पहिले क्लायंट आपटतात. ‘/हेल्थझेड’ या पत्त्यावर ‘ओके’ येईपर्यंत थांबवा. पुढे सर्व्हर दर तासाला नवा डेटाबेस आहे का ते स्वतःच पाहतो. मुख्य डेटाबेस दर सहा तासांनी नव्यानं बांधला जातो, त्यामुळे एवढं पुरतं. डिस्कवर १० जीबी तरी मोकळी ठेवा.

मग क्लायंट

डॉकर रन --आरएम --नेटवर्क स्कॅननेट -व्ही /ऑप्ट/स्कॅन/कॉन्फिग.जेसन:/रूट/.डॉकर/कॉन्फिग.जेसन:आरओ अ‍ॅक्वासेक/ट्रिव्ही:<आवृत्ती> इमेज --सर्व्हर एचटीटीपी://ट्रिव्ही-सर्व्हर:४९५४ --इमेज-एसआरसी रिमोट --स्कॅनर्स व्हल्न --सिव्हिअरिटी हाय,क्रिटिकल --इग्नोअर-अनफिक्स्ड --एक्झिट-कोड १ रजिस्ट्री:५०००/दुकान/एपीआय@<डायजेस्ट>

‘--इमेज-एसआरसी रिमोट’ नसेल तर ट्रिव्ही आधी डॉकर, कंटेनरडी आणि पॉडमन धुंडाळतो, मग रजिस्ट्रीकडे वळतो. अनेक ठिकाणी डॉकरचं सॉकेट स्कॅनरच्या कंटेनरात माउंट करायला सांगतात. रजिस्ट्री तपासायला त्याची अजिबात गरज नाही, आणि ते सॉकेट देणं म्हणजे होस्टचा रूटच देणं.

‘--एक्झिट-कोड’ न दिल्यास पन्नास क्रिटिकल सापडल्या तरी आज्ञा ० (म्हणजे ‘यशस्वी’) परत करते आणि बिल्डची पाइपलाइन हिरवीगार राहते. सर्वांत जास्त वेळा राहून जाणारी गोष्ट हीच असावी. ‘--स्कॅनर्स व्हल्न’ यासाठी, की एरवी ट्रिव्ही इमेजमधली गुपितंही शोधतो. ते उपयोगाचं आहे, पण मोठ्या इमेजवर वेळखाऊ. ते काम बिल्डच्या वेळी एकदा करा, रोजच्या फेरीत नको. ‘--इग्नोअर-अनफिक्स्ड’ वितरकानं (डेबियन, अल्पाइन अशा लिनक्सच्या) अजून दुरुस्ती न काढलेल्या त्रुटी वगळतो. पाइपलाइन अडवताना तो ठेवा, पण आठवड्याच्या अहवालातून काढा. नाहीतर आपण कशावर बसलोय हेच कळणार नाही.

क्लायंट आणि सर्व्हर एकाच आवृत्तीचे ठेवा. इमेजचे लेयर (एकावर एक रचलेले थर) उलगडायचं काम क्लायंट करतो. कोणते लेयर आधीच पाहिलेत हे तो सर्व्हरला विचारतो आणि उरलेलेच उघडतो. म्हणून एकाच बेस इमेजवरच्या वीस सेवा तपासताना पहिली रेंगाळते, बाकीच्या झटपट होतात. ट्रिव्हीची आवृत्ती बदलल्यावर पहिली फेरी पुन्हा लांबली तर घाबरू नका. जावाची गोष्ट निराळी: जार फाइल (जावाचे गठ्ठे) ओळखायला वेगळा, बराच मोठा डेटाबेस लागतो आणि तो क्लायंटच्या बाजूला उतरतो. जावा इमेज पुष्कळ असतील तर तो क्लायंटच्या कॅशमध्ये आधीच भरून ठेवा आणि ‘--स्किप-जावा-डीबी-अपडेट’ लावा. समांतर चालणाऱ्या प्रत्येक क्लायंटला मात्र स्वतःचा कॅश व्हॉल्यूम द्या.

रजिस्ट्रीशी जुळवून घेताना

कंटेनरातला लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच. होस्टवर लोकलहोस्ट:५००० ला रजिस्ट्री दिसते, म्हणून तोच पत्ता स्कॅनरला दिला की ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ ठरलेलं. रजिस्ट्रीचा कंटेनरही स्कॅननेटमध्ये घ्या आणि त्याच्या नावानं हाक मारा. नाव वापरलं की ट्रिव्ही एचटीटीपीएसची अपेक्षा धरतो. रजिस्ट्री साध्या एचटीटीपीवर असेल तर ‘--इन्सिक्युअर’ द्यावा लागतो. स्वतःच्या सहीचं प्रमाणपत्र असेल तर मात्र हा सोपा मार्ग घेऊ नका. सीएची (ते प्रमाणपत्र देणाऱ्याची) फाइल माउंट करून ‘एसएसएल_सर्ट_फाइल’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये तिचा मार्ग द्या.

लॉगिनसाठी फक्त पुल करू शकणारं खातं काढा. लॅपटॉपवरची कॉन्फिग.जेसन उचलून माउंट केली तर बहुधा चालत नाही, कारण तिच्यात पासवर्ड नसतोच; ‘क्रेड्सस्टोअर’ असं लिहून यंत्रणेच्या किल्लीपेटीकडे बोट दाखवलेलं असतं. त्या खात्यासाठी फाइल वेगळी बनवा. हार्बरच्या रोबोट खात्याच्या नावात डॉलरचं चिन्ह असतं. शेलमध्ये ते एकेरी अवतरणात ठेवलं नाही तर पुढचा भाग शेल गिळतो आणि ‘अनऑथोराइज्ड’ दिसत राहतं.

रजिस्ट्रीतल्या इमेजची यादी ‘/व्ही२/_कॅटलॉग’ आणि ‘/व्ही२/<नाव>/टॅग्ज/लिस्ट’ इथून मिळते. कॅटलॉग पानापानानं येतो. ‘लिंक’ हेडर न पाहणारी स्क्रिप्ट पहिल्या पानावर थांबते, आणि पुढच्या रिपॉझिटरी कधी तपासल्याच गेल्या नाहीत हे कुणाच्या लक्षात येत नाही. ‘.सिग’ने संपणारे टॅग कोसाइन या सही करणाऱ्या साधनाच्या सह्यांचे असतात. ते गाळा, एरवी रोज खोट्या चुका मोजाल.

सगळे टॅग रोज तपासायची हौस मात्र आवरा. तीन वर्षांपूर्वीच्या बिल्डमधल्या त्रुटींचा ढीग कुणी वाचत नाही. कुबरनेटीस क्लस्टरमध्ये आत्ता चालू असलेल्या पॉडचे (कंटेनरांच्या गटांचे) इमेज आयडी काढा, त्यातले डायजेस्ट घ्या, त्यात प्रत्येक रिपॉझिटरीचा शेवटचा टॅग मिळवा. एवढंच रोज. सेवा चालवणारी यंत्रं एआरएम प्रोसेसरची असतील तर ‘--प्लॅटफॉर्म लिनक्स/एआरएम६४’ द्या, नाहीतर बहुप्लॅटफॉर्म इमेजमधली एएमडी६४ची आवृत्ती तपासली जाईल, जी तुम्ही चालवतच नाही.

याहून हलका मार्ग एसबॉमचा, म्हणजे इमेजमध्ये काय काय आहे त्या यादीचा. बिल्डच्या वेळी ‘--फॉरमॅट सायक्लोनडीएक्स’ देऊन घटकांची यादी साठवा आणि रोज ‘ट्रिव्ही एसबॉम’नं तीच तपासा. लेयर ओढावेच लागत नाहीत.

अडकलं तर

‘कॉन्टेक्स्ट डेडलाइन एक्सीडेड’: ठरलेली मर्यादा ५ मिनिटांची आहे, ‘--टाइमआउट १५एम’ करा. ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’: लेयर ‘/टीएमपी’मध्ये उतरतात. तिथं वेगळा व्हॉल्यूम जोडा किंवा ‘टीएमपीडीआयआर’ बदला. टीएमपीएफएस (रॅममधली फाइल सिस्टीम) जोडलंत तर तीच जागा रॅममधून जाते आणि मोठी इमेज आली की कंटेनर मारला जातो. डेटाबेस उतरत नसेल तर ‘--डीबी-रिपॉझिटरी’नं दुसरा आरसा (मिरर, म्हणजे प्रतीचा पत्ता) द्या. बंद नेटवर्कात ओरास या साधनानं डेटाबेस स्वतःच्या रजिस्ट्रीत कॉपी करा आणि तोच पत्ता लावा. पण ती कॉपी रोज घेणारं काम लावलं नाही, तर महिन्याभरापूर्वीच्या ज्ञानावर आजचा निकाल लागेल.

सर्वांत धोकादायक निकाल म्हणजे शून्य. इमेज लहान करायच्या नादात कुणी डॉकरफाइलमध्ये ‘/व्हार/लिब/डीपीकेजी’ उडवलं असेल, तर स्कॅनरला पॅकेजची यादीच सापडत नाही आणि अहवाल स्वच्छ येतो. हातानं कंपाइल करून घातलेली सी भाषेतली बायनरीही त्याला दिसत नाही. गो भाषेतली बायनरी बहुधा दिसते, कारण तिच्यात बिल्डची माहिती असते. वितरणाची मुदत संपली असेल, जसं सेंटओएस ७ ची ३० जून २०२४ ला संपली, तर नव्या त्रुटींची नोंद वितरकाकडून येतच नाही. अशा वेळी ‘--एक्झिट-ऑन-ईओएल’ वापरून ती इमेज थेट नापास करा.

म्हणून रोजच्या फेरीत एक मुद्दाम सदोष इमेज घाला. पायथन:३.४-अल्पाइन हे त्यासाठी सोयीचं गिऱ्हाईक आहे. तिच्यावर निकाल शून्य आला तर त्या दिवसाचा सगळा अहवाल फेकून द्या आणि सर्व्हरचा लॉग उघडा.

अपवाद ‘.ट्रिव्हीइग्नोअर’मध्ये लिहिताना सीव्हीई क्रमांकापुढे ‘ईएक्सपी:’ आणि तारीख द्या. ती उलटली की त्रुटी पुन्हा वर येते. तारखेविनाचे अपवाद आधी दोन असतात, वर्षभरात दोनशे होतात आणि ते कुणी, का घातले हे सांगणारं माणूस तोवर दुसऱ्या कंपनीत गेलेलं असतं.