तगलीतला निघण्याआधी नवगावला जाऊन या

मागच्या शब्बाथला, म्हणजे शनिवारी, प्रार्थना संपल्यावर ठाण्याच्या आमच्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिराच्या, आवारात दोन मुलींनी मला गाठलं. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी ज्यू. दोघींना तगलीतला जायचंय. मुलाखतीत काय विचारतात, कागद कुठले लागतात, थंडी किती असते, असे पन्नास प्रश्न. उभ्या उभ्या सांगून होण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहायला बसले. मी २०१९ च्या डिसेंबरात गेले होते, तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि इतिहास शिकत होते.

तगलीत म्हणजे बर्थराइट इस्राएल. १९९९ मध्ये हा उपक्रम उभा राहिला. जगभरच्या ज्यू तरुणांना साधारण दहा दिवस इस्राएल दाखवतात. प्रवास, राहणं, जेवण बहुतेक सगळं त्यांच्याकडून. आई किंवा वडील ज्यू असावे लागतात. वयाची अट अधूनमधून बदलते, ती फॉर्म भरतानाच बघा. परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचल्याशिवाय तारीख ठरवू नका.

कागदांना वेळ लागतो. माझ्या आईवडिलांचा केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, आजीच्या लोखंडी पेटीत, जुन्या नऊवारीच्या घडीत सापडला. घडीवर कागद पिवळा पडला होता, पण हिब्रू अक्षरं आणि खाली मराठीतल्या सह्या स्वच्छ दिसत होत्या. तो शोधण्यात आठवडा गेला, आणि त्या आठवड्यात आजी जे बोलली ते मला पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. मुलाखतीत घरी सण कसे पाळता हे विचारतात. आपल्या घरी जसं होतं तसंच सांगा. पुस्तकातली नावं पाठ करून जाऊ नका. नववर्षाला मी रोश हशाना म्हणाले, मग न राहवून ‘नव्याचा सण’ म्हणाले, उपवासाच्या योम किप्पुरला ‘दारफाळणीचा सण’ म्हणाले, आणि समोरच्या बाई पेन खाली ठेवून ऐकू लागल्या.

विमानतळावर सुरक्षेचे लोक बरेच प्रश्न विचारतात. बॅग कोणी भरली, कोणाला भेटणार, सिनेगॉग कुठलं. त्यांचं ते कामच आहे. जे आहे ते थोडक्यात आणि न घाबरता सांगा. जेरुसलेम उंचावर आहे, डिसेंबरात तिथे हाडं गोठतात, मुंबई-ठाण्याच्या स्वेटरने भागत नाही. शुक्रवारी दुपारनंतर बहुतेक बस आणि रेल्वे बंद होतात, त्या शनिवारी रात्री सुरू होतात. एकट्याने कुठे जायचं असेल तर हे डोक्यात पक्कं ठेवा. जेवणाची अडचण आपल्याला येत नाही. मटणाबरोबर दूध-दही नाही, हे आपल्या घरात लहानपणापासून आहेच. माझ्या खोलीतल्या अमेरिकन मुलीला वाटायचं की मग रस्सा दाट कसा होणार. मी तिला नारळाच्या दुधाबद्दल सांगितलं, तेव्हा आमची खरी ओळख झाली.

आता मुख्य गोष्ट. आमच्या बसमध्ये चाळीस जण होते, भारतातले आम्ही पाच. दुसऱ्या दिवशी एका मुलाने मला विचारलं, ‘तुमच्यापैकी कोणी धर्मांतर केलं होतं?’ त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याने आपली माणसं कधी पाहिलीच नव्हती. पण माझ्या तोंडून धड वाक्य निघेना. अलिबागजवळ नवगावला आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, तेल गाळायचा धंदा धरला, शनिवारी घाणा बंद म्हणून गावाने ‘शनिवार तेली’ नाव दिलं. बाकीचं सगळं विसरलं तरी शमा ही प्रार्थना, सुंता आणि खवल्यांचेच मासे खायचा नियम विसरले नाहीत. ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली होती. एकदाही कोणाला सांगितली नव्हती. तेव्हा ती आधी इंग्रजीत, मोठ्याने, दोनदा तरी सांगून बघा. यात परंपरा कुठली आणि कागदोपत्री पुरावा कशाला आहे, तेही वेगळं करून ठेवा. मशीद बंदरचं शआर हारहमीम सिनेगॉग १७९६ चं आहे, हे ठामपणे सांगता येतं. शक्य असेल तर जाण्याआधी एक रविवार नवगावच्या कब्रस्तानात आणि खंडाळ्याला एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, घोड्याच्या मानल्या जाणाऱ्या टापांच्या खुणांपाशी घालवा. बोरघाटातलं खंडाळा नव्हे, अलिबागजवळचं.

याद वाशेमला, म्हणजे नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या जेरुसलेममधल्या स्मारकात, मी दोन तास होते. नावांच्या दालनात वर शंकूसारख्या घुमटात सहाशे माणसांचे फोटो आहेत, आणि भोवताली कपाटांत मारल्या गेलेल्यांच्या नोंदी. आमच्यातली एक मुलगी संगणकावर पणजोबांचं नाव शोधत होती. सापडलं. ती रडली नाही, फक्त पडद्यावरच्या गावाच्या नावावर बोट ठेवून उभी राहिली. माझ्याकडे शोधायला एकही नाव नव्हतं. कोकणात आम्हाला ज्यू म्हणून कोणी मारलं नाही, हाकललं नाही. मला तिथे अपराधी वाटलं, आणि हे बोलावं की नाही तेही कळेना. रात्रीच्या चर्चेत बोलले. त्याच मुलीने माझा हात धरला आणि म्हणाली, असंही कुठे घडलं होतं हे तिला माहीत असायला हवं होतं. मोकळेपणाने बोला, एवढंच सांगते.

इस्राएल म्युझियममध्ये कोचीनच्या कडवुंभागम सिनेगॉगचं आतलं लाकूडकाम उभं केलंय. फार देखणं आहे. पण भारत म्हणजे कोचीन, असा बऱ्याच जणांचा समज तिथेच पक्का होतो. बगदादी ज्यू वेगळे, कोचिनी वेगळे, आपण वेगळे, हे सांगायला तिथे तुम्हीच असता.

पॅलेस्टिनी माणसांशी माझं बोलणं जेरुसलेमच्या जुन्या शहरातल्या दोन दुकानदारांपलीकडे झालं नाही. त्यांचा इतिहास मी परत आल्यावर वाचू लागले. तुम्ही आधी वाचून जा. त्याशिवाय त्या देशात जे दिसतं त्यातलं निम्मं कळत नाही.

परतीचं तिकीट पुढे ढकलता येत असेल तर जरूर ढकला. मी तीन दिवस वाढवून दिमोनाला, आईच्या मावशीकडे गेले. नेगेव वाळवंटातलं हे गाव, आणि जिन्यातच बिरड्याच्या फोडणीचा वास. मावशीआजी हिब्रू आणि अलिबागकडची मराठी एकाच वाक्यात बोलते. टीपॉयवर ‘मायबोली’चे अंक होते, तिकडे निघणारं आपलं मराठी नियतकालिक. तिने मला १९६२ चं सांगितलं. बेने इस्राएलशी लग्न लावण्याआधी मागच्या पिढ्यांची चौकशी करा, असा आदेश तिथल्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, कचेरीने काढला होता. आपली माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली. १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्राएलच्या संसदेने, ठराव केला की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत. मावशीआजी तेव्हा नवी नवरी होती. ‘आम्ही दोन हजार वर्षं शनिवार पाळला, आणि हे आम्हाला कागद मागतात,’ असं म्हणताना तिचा आवाज आजही चढला. बसमधल्या त्या मुलाचा प्रश्न मला किती लागला होता, ते मी तिला तेव्हा सांगितलं. ती काही बोलली नाही, ताटात आणखी एक चपाती वाढली.

शेवटच्या दिवशी तिने मलिदा केला. पोहे, खोबरं, साखर, वेलची, वर कापलेली फळं. एलियाहू हन्नबीचं गाणं सुरू झालं तेव्हा तिच्या हिब्रू बोलणाऱ्या नातवंडांनाही ते पाठ होतं. मी सगळं फोनवर रेकॉर्ड केलं. तुम्हीही करा, आणि फोनमध्ये जागा ठेवूनच जा. माझी जागा गाण्याच्या मधेच संपली.

नातेवाइकांकडे जाणार असाल तर सोडलेले वाल, आमसुलं आणि जाडे पोहे न्या. मावशीआजीने पिशवी उघडून आधी आमसुलांचा वास घेतला, मग मला आत बोलावलं.