टेक्ससमध्ये ट्रॅफिकचं तिकीट मिळालंय? थांबा, लगेच पैसे भरू नका

"तिकीट आलं ना, ऑनलाइन पैसे भर आणि मोकळा हो." आपल्या मंडळाच्या प्रत्येक पॉटलकला हा सल्ला देणारा एक तरी काका भेटतोच. त्याचं ऐकू नका. पैसे भरले की कोर्टाच्या लेखी तुम्ही दोषी ठरलात. मग ते तिकीट रेकॉर्डवर चढतं, विमा कंपनीला दिसतं, आणि पुढच्या नूतनीकरणाला हप्ता का वाढला म्हणून तुम्ही डोकं खाजवत बसता. एकदा पैसे भरल्यावर "आता कोर्स करतो" म्हणालात तर कोर्टाच्या खिडकीवरची बाई नकारार्थी मान हलवते, एवढंच.

कोर्स म्हणजे सहा तासांचा डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स. कोर्टाची परवानगी घेऊन तो मुदतीत पूर्ण केला, तर टेक्ससच्या कायद्यानुसार तिकीट डिसमिस, म्हणजे रद्द होतं. मी स्वतः हे तीनदा केलंय (इथले हायवे फार सरळ आहेत हो), बायकोसाठी एकदा, आणि ऑफिसातल्या किती जणांचे कागद तपासून दिलेत ते मोजलेलं नाही.

तुम्ही यात बसता का?

मर्यादेपेक्षा ताशी २५ मैल किंवा त्याहून जास्त वेगाने पकडले गेला असाल, तर कोर्स विसरा. वेग ताशी ९५ मैल किंवा जास्त असेल तरीही विसरा, मग मर्यादा काहीही असो. ऑस्टिनहून सेगीनकडे जाणाऱ्या १३० टोल रोडच्या दक्षिण पट्ट्यात मर्यादाच ८५ आहे, देशातली सर्वांत जास्त. तिथे ९५ लागले तर "साहेब, दहाच तर जास्त होते" हे कुणी ऐकून घेत नाही. कामगार हजर असलेला रस्तेकामाचा भाग, थांबलेल्या स्कूल बसला ओलांडणं, कमर्शियल लायसन्स, यांनाही ही सवलत नाही. गेल्या बारा महिन्यांत याच कारणासाठी कोर्स केला असेल तरी नाही.

टेक्ससचं चालू लायसन्स आणि गाडीचा विमा लागतो. भारतातून भेटीला आलेले सासरे तिकडच्या लायसन्सवर चालवताना सापडले, तर त्यांना हा कोर्स मिळत नाही. त्यांच्यासाठी कोर्टाकडे 'डिफर्ड डिस्पोझिशन'ची (निकाल पुढे ढकलतात, अटी पाळल्या तर तिकीट रद्द) विचारणा करा. आणि एच-१बीवाल्यांनो, आपलं लायसन्स व्हिसाच्या तारखेला बांधलेलं असतं. मुदतवाढ अडकली की तेही संपतं. आधी ते बघा.

परवानगी

तिकिटावर हजर राहण्याची तारीख असते. त्या तारखेपर्यंत कोर्टात 'नो कंटेस्ट' नोंदवून कोर्सची मागणी करायची. नो कंटेस्ट म्हणजे दोष कबूल करत नाही, पण भांडतही नाही. कोर्ट कोणतं ते तिकिटावरच लिहिलेलं असतं: शहराच्या पोलिसाने पकडलं तर म्युनिसिपल कोर्ट, शेरीफ, कॉन्स्टेबल किंवा स्टेट ट्रूपरने पकडलं तर जस्टिस ऑफ द पीसचं. त्याच वेळी कोर्टाचा खर्च भरावा लागतो. शंभर डॉलरच्या वर धरून चला, शाळेच्या झोनमधलं असेल तर आणखी थोडे. हा दंड नाही. हे पैसे भरायचेच आहेत, फक्त भरताना कोर्सचा पर्याय निवडलाय ना हे दोनदा बघा.

कोर्स

राज्याच्या लायसन्सिंग खात्याची, म्हणजे टीडीएलआरची, मान्यता असलेला कोणताही घ्या. कायद्याने किमान फी २५ डॉलर आहे; त्याहून महागडा घेऊन जास्त शहाणपण येत नाही. ऑनलाइन कोर्सला टायमर असतो, पानं भराभर पुढे ढकलता येत नाहीत. मधूनमधून ओळख पटवणारे प्रश्न येतात, त्यामुळे बायकोला बसवून तुम्ही मॅच बघायची आयडिया सोडा. शेवटच्या परीक्षेत ७० टक्के लागतात. तेवढे मिळतात.

कागद: सगळे इथे फसतात

पहिल्या वेळी मीही फसलो. शनिवार-रविवारी कोर्स संपवला, सर्टिफिकेट आलं, ते पाकिटात घालून पाठवून दिलं आणि विसरून गेलो. साधारण चार महिन्यांनी कोर्टाचं पत्र: अमुक तारखेला हजर राहून कारण दाखवा. मला वाटलं सर्टिफिकेट गहाळ झालं असेल. अर्धा दिवस रजा टाकून गेलो. जज बाईंनी फाइल उघडली, माझं सर्टिफिकेट हातात धरलं आणि विचारलं, "बाकीचे दोन कुठे आहेत?" मला बाकीचे दोन असतात हेच माहीत नव्हतं. नशीब बलवत्तर, त्यांनी मुदत वाढवून दिली. नाही दिली असती तर कोर्सही झाला, खर्चही झाला, वर दंड आणि रेकॉर्डवर तिकीट.

तर परवानगी मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत तीन गोष्टी कोर्टात पोचल्या पाहिजेत. कोर्स पूर्ण करायची आणि कागद पोचवायची मुदत एकच आहे, हे नीट वाचा. ८९व्या दिवशी कोर्स संपवणारे महाभाग मी पाहिलेत.

एक, सर्टिफिकेटची कोर्टाची प्रत, सही करून. सहीशिवाय पाठवलेली परत येते.

दोन, डीपीएसकडून, म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्स देणाऱ्या राज्याच्या खात्याकडून, काढलेलं ड्रायव्हिंग रेकॉर्ड, आणि तेही टाइप ३ए. साइटवर टाइप ३ही असतं, ते स्वस्त आहे आणि माणूस सवयीने स्वस्तावर बोट ठेवतो. पण ते प्रमाणित नसतं. ३ए बारा डॉलरला मिळतं, तेच घ्या. काढताना लायसन्सवरचा ऑडिट नंबर लागतो, लायसन्स नंबर वेगळा आणि हा वेगळा. पीडीएफ आली की तिथल्या तिथे सेव्ह करा. काही कोर्टं रेकॉर्ड स्वतःच काढतात आणि त्याचे पैसे लावतात; परवानगीच्या पत्रात ते लिहिलेलं असतं.

तीन, प्रतिज्ञापत्र: मी गेल्या बारा महिन्यांत असा दुसरा कोर्स केलेला नाही आणि सध्या करतही नाही. छापील नमुना बहुतेक वेळा पत्रासोबतच येतो. सही नोटरीसमोर करायची, घरी नाही. घरून सही करून नेलीत तर नोटरी पुन्हा नवा फॉर्म मागतो. आपल्या बँकेत विचारा, खातेदाराला बहुधा फुकट करून देतात.

आता नावाचं. हे इथल्या लोकांना कळत नाही, आपल्यालाच कळतं. पासपोर्टवर आपल्या नावामागे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव चिकटलेलं असतं, तेच लायसन्सवर उतरतं. कोर्सला नाव नोंदवताना आपण मात्र नुसतं नाव-आडनाव टाकतो. बायकोच्या वेळी असंच झालं. सर्टिफिकेटवर माझं नाव नव्हतं, लायसन्सवर होतं, आणि कोर्टाने विचारलं ही तीच व्यक्ती कशावरून? नवीन सर्टिफिकेट येईपर्यंत अकरा दिवस गेले. लायसन्स समोर ठेवून अक्षर न् अक्षर तसंच टाइप करा. जन्मतारखेत महिना आधी. पाच नोव्हेंबरचा अकरा मे झालेलाही मी पाहिलाय.

तिन्ही कागद एकत्र, तिकिटाचा किंवा केसचा नंबर प्रत्येक पानावर लिहून द्या. शक्य असेल तर खिडकीवर जाऊन द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. पोस्टानेच पाठवायचं असेल तर सर्टिफाइड मेल, पोचपावतीसह. ती पोचपावती हिरव्या रंगाची असते. आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवड्याभरात मिळणारं हे एकमेव ग्रीन कार्ड.

आठ-पंधरा दिवसांनी कोर्टाच्या साइटवर केस नंबर टाकून 'डिसमिस्ड' दिसतंय का बघा. दिसेपर्यंत प्रती फेकू नका.

सर्टिफिकेटची दुसरी प्रत विम्यासाठी असते. ती एजंटला पाठवून सवलत देता का विचारा. बायकोला मिळाली. माझ्या तिसऱ्या वेळी एजंट नुसता हसला.