बेसचे कोऑर्डिनेट अपडेट करताना

जीपीएसने जमीन मोजताना गच्चीवर पक्का बसवलेला रिसीव्हर म्हणजे बेस. त्याचे कोऑर्डिनेट आठ वर्षांपूर्वी काढलेले असतील, तर आयटीआरएफच्या (जागांचे आकडे ज्यात मांडतात त्या जागतिक चौकटीच्या, म्हणजे फ्रेमच्या) हिशेबाने ती गच्ची आता तिथे नाही. आपला भूपट्ट वर्षाला साधारण ३५ मिलिमीटर उत्तरेला आणि ४१ मिलिमीटर पूर्वेला सरकतो. आठ वर्षांचे झाले २८ आणि ३३ सेंटिमीटर. बेस आणि रोव्हर (रानात फिरवायचा रिसीव्हर) एकाच पट्टावर असल्याने तुमची जुनी-नवी कामे आपसांत जुळतात. घोळ होतो तो दुसऱ्या कॉर्स नेटवर्कवर (कायम चालू असलेल्या बेसच्या जाळ्यावर) मोजलेला बांध तुमच्या नकाशावर बसवताना.

म्हणून आधी बदल हवा का ते ठरवा. अँटेना बदलली, खांब हलला, गच्चीला वॉटरप्रूफिंग करताना बेस काढून परत बसवला किंवा नेटवर्कशी जुळवायचे असेल तर बदल करा. शिरोळ-करवीरकडचे एखादे काम अर्ध्यावर असेल तर ते जुन्याच आकड्यांवर पुरे होऊ द्या.

निरीक्षण २४ तासांचे, ३० सेकंदांच्या अंतराने घ्या, आणि असे निदान दोन दिवस. पत्र्याची शेड, पाण्याची टाकी, मोबाइल टॉवर शेजारी असतील तर परावर्तित सिग्नलमुळे उंची बिघडते. अँटेनाचे नाव आयजीएस या आंतरराष्ट्रीय जीएनएसएस सेवेच्या यादीतल्यासारखेच, रेडोमच्या (अँटेनावरच्या टोपीच्या) कोडसह लिहा. उंची तिरकी नव्हे, उभी मोजा आणि ती अँटेनाच्या तळापर्यंत धरा.

फाइल रायनेक्समध्ये (सर्व कंपन्यांना चालणाऱ्या फाइल-प्रकारात) बदलून कॅनडा सरकारच्या मोफत सीएसआरएस-पीपीपी सेवेला द्या. पर्यायांत आयटीआरएफच निवडा. नॅड ८३ ही उत्तर अमेरिकेची फ्रेम राहिली तर उत्तर मीटरच्या हिशेबात चुकते. घाई नसेल तर दोन आठवडे थांबा, म्हणजे उपग्रहांच्या अंतिम, अचूक कक्षा (ऑर्बिट) मिळतात. दोन दिवसांची उत्तरे आडव्यात १ आणि उंचीत २ सेंटिमीटरच्या आत जुळली नाहीत तर सरासरी काढून मोकळे होऊ नका, कारण शोधा. बहुतेक वेळा अँटेनाची उंची किंवा नाव चुकलेले निघते.

मिळालेले उत्तर निरीक्षणाच्या तारखेचे असते. नेटवर्क कोणत्या फ्रेममध्ये आणि कोणत्या एपॉकला (कोणत्या तारखेला धरून) आहे ते विचारून तिथे न्या. मागच्या तारखेला नेताना वेग गुणिले वर्षे वजा करा, पुढे आणताना मिळवा. चिन्ह उलटे पडले की चूक दुप्पट. वेगासाठी हैदराबाद आणि बेंगळुरूच्या आयजीएस स्टेशनांचे जाहीर आकडे पडताळून पाहा. फ्रेमही वेगळी असेल तर वेगासोबत फ्रेमचे रूपांतरही करावे लागते.

रिसीव्हरमध्ये आकडे भरताना दशांशांवर लक्ष ठेवा. अक्षांशातला ०.००१ सेकंद म्हणजे ३ सेंटिमीटर, तेव्हा सेकंद पाच दशांशांपर्यंत भरा. उंची लंबवर्तुळाभावरची (पृथ्वीच्या गणिती आकारावरची) भरा, समुद्रसपाटीची नाही. आपल्याकडे दोन्हींत ५० मीटरहून जास्त फरक पडतो. कोऑर्डिनेट खुणेचे आहेत की अँटेनाच्या तळाचे, हेही पाहा, नाहीतर खांबाची उंची दोनदा मोजली जाते. आणि 'हिअर'चे बटण दाबू नका. त्याने बेस आपली त्या क्षणाची कच्ची जागा धरतो, जी मीटरभर इकडेतिकडे असू शकते, आणि ती चूक रोव्हरच्या प्रत्येक बिंदूत जशीच्या तशी उतरते.

प्रसारण सुरू केल्यावर रोव्हरवर आरटीसीएम १००५ किंवा १००६ (बेस आपली जागा कळवतो ते संदेश) मधून आलेले बेसचे आकडे वाचा. जुने दिसत असतील तर रिसीव्हर रीस्टार्ट करा.

खरी परीक्षा तपासणी बिंदूवर. आकडे बदलण्यापूर्वी आणि नंतर तोच बिंदू मोजा. त्याचा फरक बेसच्या बदलाइतकाच, त्याच दिशेला यायला हवा. बिंदू खडकावर किंवा भक्कम काँक्रीटवर निवडा. उसाच्या काळ्या रानातला दगड पावसाळ्यात फुगलेल्या मातीबरोबर हलतो, त्यावर सेंटिमीटरचा निवाडा होत नाही. जुन्या कामांतले साइट कॅलिब्रेशन (जीपीएसचे आकडे जागेवरच्या खुणांशी जुळवणे) मात्र नव्या बेसला चालत नाही, कारण त्याने जुना फरक पोटात घेतलेला असतो. ते नव्याने करा.

नोंदवहीत जुने आणि नवे कोऑर्डिनेट, फ्रेम, एपॉक, अँटेनाचे नाव, उंची आणि बदलाची तारीख-वेळ लिहा. जुने खोडू नका, त्या आकड्यांवर काढलेले नकाशे लोकांच्या हातात आहेत. बेस वापरणाऱ्या सर्वांना आदल्या दिवशी कळवा, आणि बदल सकाळी कामे सुरू होण्याआधी करा.