विमानात बसतं म्हणून विमानाचा भाग होत नाही: कस्टम वर्गीकरणातल्या या चुका टाळा

सहारच्या एअर कार्गोतून एका ग्राहकाचा माल सोडवायचा होता. इन्व्हॉइसवर एकच ओळ होती: 'एअरक्राफ्ट पार्ट्स, सीट'. घाईत आम्ही बिल ऑफ एन्ट्रीवर, म्हणजे आयातीच्या कस्टम अर्जावर, ८८०७ हा विमानाच्या भागांचा कोड टाकला. तपासणीत खोकं उघडलं तर आत सीटच्या गाद्या. मापात कापलेला फोम, त्यावर आग न पकडणाऱ्या कापडाचं शिवलेलं कव्हर, पाठीला वेल्क्रो. कस्टमची क्वेरी आली आणि उत्तरं देण्यात चार दिवस गेले. तोवर गोदामाचं भाडं चढलं आणि तिकडे विमान हँगरमध्ये थांबून राहिलं. चूक आमची होती. वाशीच्या आमच्या ऑफिसात तेव्हापासून नियम आहे: विमानातल्या वस्तूंचं वर्णन 'पार्ट्स' या शब्दावर संपवायचं नाही.

बहुतेकांची मुळातली समजूतच चुकते. भाग क्रमांक विमान कंपनीचा, सोबत अमेरिकी विमान नियामकाचा एफएए फॉर्म ८१३०-३ किंवा युरोपीय नियामकाचा ईएएसए फॉर्म १, म्हणजे माल ८८०७ चा, असं धरून चालतात. ती प्रमाणपत्रं उड्डाणयोग्यतेची आहेत, त्यांचा टॅरिफशी, म्हणजे कस्टमच्या कोड आणि दरांच्या यादीशी, संबंध नाही. टॅरिफच्या विभाग १७ मध्ये (वाहनं आणि विमानं) विमान-भाग म्हणून जागा मिळवायला वस्तूला तीन चाळण्यांतून जावं लागतं. त्या विभागाच्या टीप २ ने ती वगळलेली नसावी. ती केवळ किंवा मुख्यत्वे विमानासाठीच योग्य असावी. आणि दुसरीकडे कुठे तिचा अधिक नेमका उल्लेख नसावा. यातली एक अट चुकली तरी ८८०७ गेलं. आम्ही मात्र दुसरी अट पाहतो आणि तिथेच थांबतो.

केबिनमधून एक फेरी मारा म्हणजे लक्षात येईल. पार्टिशन, डोक्यावरचे सामानाचे कप्पे, दरवाजे, संकटकाळी उघडणारी घसरगुंडी, ही सगळी ८८०७ ची मंडळी, त्याबद्दल वाद नाही. अख्खी सीट मात्र ९४०१ १० मध्ये, कारण तिथे विमानाच्या सीटचं नावच घेतलेलं आहे. सीटला कायमचं बसवायचं कव्हर सुटं आलं तर ते सीटचा भाग म्हणून ९४०१ मध्येच. पण भरलेली गादी एकटी आली, तर ती कितीही उघडपणे सीटसाठी बनवलेली असली तरी ९४०४ मध्ये जाते. आमचा पाय घसरला तो नेमका इथेच. वाचनाचा दिवा ९४०५. गॅलीतली भट्टी प्रकरण ८४ ची की ८५ ची हे यंत्र पाहून ठरेल, पण दोन्हीकडून ती विभाग १७ च्या बाहेरच. पोलादी स्क्रू ७३१८, मग तो फक्त एकाच विमानासाठी बनलेला का असेना. चौकट नसलेली टफन्ड काच ७००७. लाइफ जॅकेट ६३०७ २०.

कार्पेटवर जरा थांबतो, कारण भांडण सर्वांत जास्त इथेच होतं. विमानाच्या मापात कापलेलं, कडा शिवलेलं कार्पेटही प्रकरण ५७ चंच. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मोटारीच्या कार्पेट मॅटबद्दल हेच ठरवलं: गाडीच्या सुट्या भागांत नाही, ५७०३ मध्ये. त्यानंतर मार्च २०२१ मध्ये रेल्वे सिग्नलच्या रिलेबद्दल वापराला महत्त्व देणारा निकाल आला आणि अनेकांनी तो सगळीकडे लावायला सुरुवात केली. म्हणूनच ५ जानेवारी २०२२ च्या सूचनेत सीमाशुल्काच्या केंद्रीय बोर्डाने सांगितलं की तो निकाल सरसकट लावू नका, प्रत्येक वस्तू विभागाच्या आणि प्रकरणाच्या टिपांवर तपासा. वकिलाने फक्त रिलेचा निकाल पुढे केला, तर ही सूचनाही मागून घ्या.

आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलीने एकदा विचारलं, "सर, पॅकिंग लिस्टवर चॅप्टर २५ लिहिलंय, तोच टाकू का?" बरं झालं तिने विचारलं. विमान देखभालीच्या कागदांत एटीए ही विषयवार क्रमांकांची वेगळीच पद्धत असते; तिथे चॅप्टर २५ म्हणजे केबिनचं सामान. कस्टम टॅरिफचं प्रकरण २५ म्हणजे मीठ, गंधक, दगड, सिमेंट! तसंच एटीए ३३ म्हणजे दिवे आणि टॅरिफचं ३३ म्हणजे अत्तरं. परदेशी पुरवठादाराच्या कागदावरचे हे आकडे मास्टरमध्ये, म्हणजे आपल्या कोडच्या मूळ यादीत, कधीही उतरवू नका.

मास्टर उघडलाच आहे तर जुने कोडही काढा. १ जानेवारी २०२२ पासून विमान-भागांचं ८८०३ टॅरिफमध्ये नाही, त्याची जागा ८८०७ ने घेतली. सीटच्या भागांचं ९४०१ ९० फुटून ९४०१ ९१ आणि ९४०१ ९९ झालं.

'आता सगळ्यालाच पाच टक्के, मग कोड कशाला बघायचा?' हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. १५ जुलै २०२४ पासून विमानाच्या सुट्या भागांवर कोणत्याही कोडखाली ५ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) आहे, हे खरं, पण ठरावीक अटींवर. अट मोडली की सूट गेली आणि त्या वस्तूच्या खऱ्या कोडचा दर लागतो. कस्टम कायद्याच्या कलम १७ नुसार शुल्काचं मूल्यांकन आयातदार स्वतःच करतो. त्यामुळे चुकीच्या कोडचं ओझंही त्याच्यावरच. कमी भरलेल्या शुल्काची साधी मागणी दोन वर्षांपर्यंत मागे जाते, माहिती दडवल्याचा ठपका बसला तर पाच.

फेसलेस असेसमेंटमध्ये तुमचा कागद दुसऱ्याच शहरातला अधिकारी पाहतो. त्याच्यासमोर ना खोकं असतं, ना तुम्ही. म्हणून वर्णनात वस्तू काय आहे, कशाची बनली आहे, कुठे बसते आणि सुटी आली की जोडलेली, एवढं लिहाच. इलस्ट्रेटेड पार्ट्स कॅटलॉगमधलं (भागांची सचित्र यादी) त्या वस्तूचं पान आणि मालाचा फोटो ई-संचित या कस्टमच्या ऑनलाइन कागदपत्र-व्यवस्थेवर चढवा.

माल अडकला असेल आणि कोड खरंच वादाचा असेल, तर कलम १८ खाली तात्पुरतं मूल्यांकन मागा, भाडं तरी थांबेल. माल सुटल्यावर चूक कळली तर कलम १४९ ची दुरुस्ती मागता येते, पण माल सुटला त्या वेळी अस्तित्वात असलेल्या कागदांच्याच आधारावर. नंतर बनवून घेतलेलं पुरवठादाराचं पत्र तिथे चालत नाही. तीच वस्तू वारंवार येणार असेल तर बॅलार्ड इस्टेटच्या न्यू कस्टम हाऊसमध्ये अॅडव्हान्स रूलिंगसाठी, म्हणजे कोडवरच्या आगाऊ निर्णयासाठी, अर्ज करा. कायदा किंवा वस्तुस्थिती बदलली नाही तर निर्णय कायद्यात ठरलेल्या मुदतीपर्यंत चालतो. मात्र ज्या प्रश्नावर तुमचं प्रकरण आधीच अधिकाऱ्यापुढे किंवा न्यायाधिकरणात आहे, त्यावर तो मिळत नाही. म्हणून अर्ज पहिली खेप निघण्याआधी करा.