मोझार्टचा पांढरी दोनमधला फ्लूट कॉन्चेर्टो: पट्टी, भाव आणि लय कशी ठरवावी

मोझार्टचा फ्लूट कॉन्चेर्टो, म्हणजे फ्लूट आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना, क्रमांक २ (मोझार्टच्या रचनांच्या क्योखेल यादीत ३१४) वाजवायला घेताना बरेच विद्यार्थी आधी मेट्रोनोम, म्हणजे मात्रांचे ठोके देणारे यंत्र, लावतात आणि भावाचा विचार बोटे बसल्यानंतर करतात. माझ्या मते हा क्रम उलटा असावा: आधी पट्टी समजून घ्यावी, तिच्यातून भाव ओळखावा आणि लय सर्वांत शेवटी ठरवावी. मेल्त्सेलने मेट्रोनोमचे पेटंट १८१५ साली घेतले, तेव्हा मोझार्टला जाऊन चोवीस वर्षे झाली होती. त्यामुळे छापील प्रतीवर लयीचा आकडा दिसला, तर तो संपादकाचा सल्ला समजावा.

पट्टीपासून सुरुवात करण्याचे कारण या रचनेच्या जन्मातच आहे. १७७७ साली साल्झबुर्गमध्ये फेर्लेंदिस या ओबोवादकासाठी लिहिलेला हा कॉन्चेर्टो मुळात सी मेजरमध्ये, म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी एकमध्ये होता. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात मानहाइम येथे द यां या हौशी फ्लूटवादकाने मोझार्टकडून काही रचना मागवल्या, तेव्हा त्याने हाच कॉन्चेर्टो एक स्वर वर चढवून डी मेजरमध्ये, पांढरी दोनमध्ये, बसवून दिला. मधला संथ भागही त्याच हिशेबाने पांढरी चारवरून पांढरी पाचवर आला.

एकच स्वर का चढवला, हे वाद्याकडे पाहिले की कळते. त्या काळच्या एका चावीच्या लाकडी फ्लूटचा सर्वांत खालचा स्वर डी होता आणि एकेक बोट उचलत गेले की डी मेजरचेच सप्तक निघत असे. ते स्वर मोकळे व उजळ वाजत, तर एफ किंवा बी फ्लॅटसारख्या स्वरांसाठी आडवी बोटे धरावी लागत आणि ते किंचित झाकलेले ऐकू येत. बोम या वाद्यकाराने १८४७ साली घडवलेल्या दंडगोल नळीच्या फ्लूटवर, म्हणजे आजच्या वाद्यावर, हा फरक जवळजवळ पुसला गेला आहे. म्हणून तो फुंकेने परत आणावा लागतो. पहिल्या भागातील पट्टीबाहेरचे स्वर पेन्सिलीने खुणावून ठेवावेत आणि तेथे आवाज थोडा मऊ करावा.

पहिल्या भागावर ‘अलेग्रो आपेर्तो’ असे लिहिले आहे. अलेग्रो म्हणजे जलद आणि आपेर्तो म्हणजे उघडा, मोकळा. हा दुसरा शब्द वेगाबद्दल फारसे काही सांगत नाही, पण भाव मात्र नेमका सांगतो. ऑर्केस्ट्राची प्रस्तावना संपल्यावर फ्लूट एका चढत्या तानेने प्रवेश करतो आणि वरच्या डीवर चार बार (बार म्हणजे मात्रांचा एक ठरलेला गट) थांबतो, तर खाली व्हायोलिन मुख्य धून वाजवतात. हे चार बार वेगळे काढून घोटावेत. तानेच्या आधी पूर्ण श्वास घ्यावा, पण डी जोरात सुरू करू नये. स्वर हळूहळू फुलवावा आणि खालच्या धुनेला ऐकू येण्यापुरती जागा द्यावी. श्वास संपत आला की सूर उतरू लागतो, त्यामुळे चौथ्या बारमध्ये ओठांची फट लहान करून हवेचा वेग टिकवावा. समोर ट्यूनर (सूर मोजणारे यंत्र) ठेवला तर काटा कुठे घसरतो ते लगेच दिसते.

आता लय. पहिल्या भागात एका मात्रेत चार स्वर येणारी सर्वांत अवघड ओळ शोधावी आणि जीभ व बोटे दोन्ही स्वच्छ राहतील तो वेग पकडावा. नंतर त्याच वेगात सुरुवातीची तान आणि तो लांब डी वाजवून पाहावा. ओळ स्वच्छ असूनही डी रेंगाळत असेल, तर वेग कमी आहे. माझा अनुभव असा की, मिनिटाला ११२ ते १२० मात्रांच्या आसपास दोन्ही गोष्टी जुळतात.

संथ भाग ‘अदाजो नॉन त्रोप्पो’ आहे, म्हणजे फार संथ नको असे रचनाकारानेच बजावले आहे. बासरीवरून फ्लूटकडे आलेल्यांना येथे आलापाचा मोह होतो: मींड येते, आंदोलन येते आणि तीन मात्रांचा बार विरघळून जातो. तो मोह आवरावा. साधारण ४६ ते ५२ मात्रांची लय ठेवून बारच्या पहिल्या मात्रेवर किंचित टेकावे आणि कंपन फक्त लांब स्वरांपुरते राखावे.

शेवटच्या रोंदोची (मुख्य धून पुन्हा पुन्हा परतणाऱ्या भागाची) धून मोझार्टने पुढे १७८२ च्या ‘डी एन्टफ्युरुंग आउस डेम सेराइल’ या ऑपेरातील ब्लोंडेच्या आनंदाच्या गाण्यात जवळजवळ तशीच वापरली. म्हणून ही धून आधी फ्लूट खाली ठेवून ‘ता-ता’ असे म्हणत गावी. शब्द असते तर ते स्पष्ट उच्चारता आले असते, ती तिची लय. ओबोच्या प्रतीत या भागावर ‘अलेग्रेत्तो’ (अलेग्रोपेक्षा थोडे सावकाश) आढळते आणि फ्लूटच्या प्रतीत ‘अलेग्रो’, पण तेवढ्यावरून धावत सुटू नये. दर वेळी धून परतताना वेग वाढत असेल, तर आधीच्या दोन बारमध्ये पाऊल जमिनीवर स्थिर ठेवून मात्रा मनात मोजाव्यात.