‘सोम्निकुलोसुस’: लॅटिन विशेषण नामाशी कसे जुळवावे

लॅटिनमध्ये झोपाळू, सुस्त माणसाला ‘सोम्निकुलोसुस’ म्हणतात. विशेषणाच्या सरावाला हा शब्द उत्तम.

आधी शब्द सोडवून घ्या. ‘सोम्नुस’ म्हणजे झोप. हा आणि संस्कृतातला ‘स्वप्न’ एकाच मुळातून आले आहेत. ‘ओसुस’ म्हणजे ‘-ने भरलेला’. मधल्या ‘कुल’वरून ‘डुलकी’ असा अर्थ काढत बसू नका. ‘सितिस’ (तहान) वरून ‘सितिकुलोसुस’, ‘मेतुस’ (भीती) वरून ‘मेतिकुलोसुस’, त्याच साच्यातला हा शब्द. उच्चारताना जोर ‘लो’वर द्या.

रूपे ‘बोनुस’ (चांगला) सारखी चालवा: पुल्लिंगी -उस, स्त्रीलिंगी -आ, नपुंसकलिंगी -उम.

खरी अडचण यापुढे. ‘नाम आणि विशेषणाचे शेवट सारखे करा’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. ‘पुएल्ला बोना’ (चांगली मुलगी) सारखी यमक जुळणारी उदाहरणे घोकली की तोच ग्रह पक्का होतो. ‘सेनेक्तुस’ (म्हातारपण) घ्या. शेवटी ‘उस’ दिसतो, पण शब्द स्त्रीलिंगी आहे. म्हणून ‘सेनेक्तुस सोम्निकुलोसा’. उलट ‘नाउता’ (खलाशी) पुल्लिंगी, म्हणून ‘नाउता सोम्निकुलोसुस’. शाळेत संस्कृत शिकलेल्यांना नियम पाठ असतो: यल्लिङ्गं यद्वचनं या च विभक्तिर्विशेष्यस्य, म्हणजे नामाचे जे लिंग, वचन आणि विभक्ती, तीच विशेषणाची. शेवटच्या अक्षराचा त्यात उल्लेखही नाही. मराठीतला ‘झोपाळू’ मुलगा, मुलगी, मूल कशालाही तसाच लागतो, त्यामुळे इथे कानावर विसंबू नका.

मी क्रम असा ठेवतो: नामाचे लिंग कोशातून पाहायचे, अंदाजाने नाही. मग वाक्यातले वचन आणि विभक्ती ठरवायची. त्यानंतर नाम हाताने झाकून विशेषणाच्या तक्त्यातून त्या खान्यातले रूप उचलायचे. हात काढल्यावर यमक जुळले नाही, तरी रूप बदलायचे नाही.

रोमन वक्ता आणि लेखक सिसेरोने इ.स.पू. ४४ मध्ये वार्धक्यावर लिहिलेल्या ग्रंथात ‘इनेर्तिस, इग्नावाइ, सोम्निकुलोसाइ सेनेक्तूतिस’ असे शब्द आहेत: आळशी, निरुत्साही, झोपाळू म्हातारपणाचे. तिन्ही विशेषणे स्त्रीलिंगी, एकवचनी, षष्ठीची. यमक मात्र पहिल्याचेच जुळते, कारण ‘इनेर्स’ (‘इनेर्तिस’चे मूळ रूप) वेगळ्या गटात चालतो. हा तुकडा वहीत उतरवा आणि प्रत्येक रूपाखाली लिंग, वचन, विभक्ती लिहा. पानभर तक्ते घोकण्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

क्रियाविशेषण ‘सोम्निकुलोसे’. रोमन नाटककार प्लाउतुसच्या नाटकांत ते सापडते. त्यातला ‘ए’ दीर्घ. ऱ्हस्व उच्चारलात तर ते पुल्लिंगी संबोधन होते.